बाइटच्या मापाने कापलेलं मराठी

चि. सायली,

वाचनालयाच्या पुस्तकसूचीचा तुझा पीएचपी प्रोग्राम पाहिला. सूचीत अधूनमधून काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं उमटतात, त्याचा दोष टायपिंगचा नाही आणि फाँटचाही नाही. दोष फाइल वाचण्याच्या पद्धतीत आहे.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'पुस्तक' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण उकार आणि हलन्त धरून त्यात सहा चिन्हं आहेत; म्हणून 'स्ट्रलेन' त्याची लांबी १८ सांगतं. तू 'एफरीड'कडे दर वेळी १०२४ बाइट मागतेस. सलग देवनागरी मजकूर असेल तर ३४१ चिन्हांत १०२३ बाइट संपतात आणि उरलेला एक बाइट पुढच्या चिन्हाचा तुकडा असतो. नुसते तुकडे एकापाठोपाठ छापले असतेस तर बाइट आपोआप जुळले असते. पण तू प्रत्येक तुकडा आधी 'एचटीएमएलस्पेशलचार्स'मधून काढतेस. (छापण्याआधी तो काढतेस हे उत्तमच, ती सवय सोडू नकोस.) त्या फंक्शनला तुटलेलं चिन्ह दिसतं आणि पीएचपी ८.१ पासून ते तिथे प्रश्नचिन्ह ठेवतं. त्याआधीच्या आवृत्त्यांत तर अख्खा तुकडाच रिकामा परत यायचा.

म्हणून ओळीओळीने वाच. नव्या ओळीची खूण एका बाइटची असते आणि यूटीएफ-८ मध्ये ती कुठल्याही अक्षराच्या पोटात येत नाही, त्यामुळे ओळीवर कापलं की अक्षर शाबूत राहतं. तुझी फाइल सीएसव्ही आहे, तेव्हा 'एफगेटसीएसव्ही'च घे. पुस्तकाच्या नावातला स्वल्पविराम अवतरणचिन्हांत असेल तर तेही ते सांभाळतं.

'फाइल_गेट_कंटेंट्स' एका ओळीत काम करतं, हे खरं. छोट्या फाइलला मीही तेच वापरतो. पण ते सगळी फाइल मेमरीत आणतं आणि पीएचपीची मूळ मर्यादा १२८ एमबी आहे. शिवाय फाइल सापडली नाही तर ते 'फॉल्स' देतं आणि रिकामी असली तर रिकामा मजकूर. दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासलंस तर दोन्ही सारखेच वाटतील, तीन लाव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुठल्या शाखेची फाइल उघडायची, ते नाव तू थेट ब्राउझरच्या पत्त्यातून घेतेस. हे आजच बदल. तिथे कुणी दोन टिंबं आणि तिरकी रेघ लिहून फोल्डरच्या वर चढला, तर डेटाबेसचा पासवर्ड ठेवलेली फाइलही तुझा प्रोग्राम निमूट वाचून दाखवेल. शाखांची नावं आणि त्यांच्या फाइली कोडमध्येच एका अ‍ॅरेत लिहून ठेव. पत्त्यातून आलेलं नाव त्यात नसेल तर काहीही उघडायचं नाही. एवढं झालं की कोड पुन्हा पाठव, मी बघतो.

तुझा
मामा