तुमच्या दोघांचे फोटो

हर्णै बंदरात दुपार कलली की बोटी किनाऱ्यापासून जरा लांब थांबतात. बैलगाड्या पाण्यात शिरतात, मासळी वाळूवर येते आणि लिलावाचे आवाज चढत जातात. माघातल्या अशाच एका संध्याकाळी त्या गर्दीच्या कडेकडेने तिघं जण खडकांच्या दिशेने निघाले होते. नवरामुलगा हर्णैचाच, घरच्या बोटीवरचा तांडेल. मुलगी दापोलीची, सरकारी दवाखान्यात नर्स. तिसरा फोटोग्राफर. त्याचा स्टुडिओ पुण्यात होता, पण पहिलीपासून दहावीपर्यंत तो आणि हा तांडेल एकाच बाकावर बसलेले. साखरपुड्याच्या हॉलमध्ये लावायला दोघांचे फोटो हवे होते, आणि ते दुसऱ्या कुणी काढायचे हा विषयच नव्हता.

फोटोग्राफर आपल्या कामात पक्का होता. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेला सुवर्णदुर्ग मागे हवा, हे त्याने पुण्यातूनच ठरवलं होतं. बेटावरचा तो किल्ला मोठा दिसावा म्हणून तो स्वतः बराच मागे सरला आणि लांब पल्ल्याची लेन्स लावली. दोघांना पुढच्या खडकावर उभं केलं. मावळतीचा तिरपा उजेड डावीकडून येत होता. उजव्या गालावर सावली पडू नये म्हणून त्याने पांढरा रिफ्लेक्टर दगडाला टेकवला. सगळं जमून आलं होतं. फक्त नवरामुलगा अवघडून उभा होता.

त्यावरचा उपायही मित्राकडे होता. त्याने गणिताच्या सरांची नक्कल सुरू केली. शाळेतलं एकच वाक्य, तोच नाकातला सूर. तांडेल खळखळून हसला. मग सहलीचा किस्सा, मग कुणाची तरी चोरलेली छत्री. प्रत्येक किश्शाला हशा आणि प्रत्येक हशाला शटर. वर्गातला सगळ्यात हसरा मुलगा जसा फोटोग्राफरच्या मनात होता, तसाच तो कॅमेऱ्यात उतरत गेला.

"बघू तरी," म्हणत मुलगी त्याच्याजवळ आली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिने एकेक फोटो पाहिला. घाई केली नाही. शेवटी म्हणाली, "भाऊजी, फोटो छान आलेत. पण हे सगळे तुमच्या दोघांचे झालेत."

त्याने पुन्हा मागे जाऊन पाहिलं. ती म्हणत होती ते प्रत्येक फोटोत स्पष्ट दिसत होतं. मित्र हसत होता, पण लेन्सकडे बघून, म्हणजे लेन्समागच्या जुन्या सोबत्याकडे बघून. शेजारची मुलगी त्या हसण्याबाहेर उभी होती. तिला ना ते सर ठाऊक, ना ती छत्री.

जुन्या मैत्रीत हे फार सहज होतं. आपण ज्या वयात एकमेकांना मनापासून पाहिलं, त्या वयाचा माणूस आपण जपून ठेवतो आणि पुढे भेटेल तेव्हा त्यालाच हाक मारतो. तोही प्रेमाने ओ देतो. दोघांनाही ते गोड वाटतं. मधल्या वर्षांत त्याचं काय झालं, हे विचारायचं मात्र राहून जातं.

फोटोग्राफर काही बोलणार, तेवढ्यात खडकावरून आवाज आला, "सामान उचल. निघायचं."

"अरे, खरा उजेड आत्ता आलाय. दोन मिनिटं दे."

"आज द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. नऊला पुरी भरती. आत्ता पाणी सगळ्यात जोरात चढतंय. पुढून नाही, मागून येईल बघ."

फोटोग्राफरने मागे वळून पाहिलं. येताना ज्या सखल वाळूवरून ते कोरड्या पायांनी आले होते, तिथे पाणी शिरलं होतं. तांडेलाने तोवर बॅग खांद्याला लावली होती. मुलीचा हात धरून तो पुढे झाला. शेवाळ कुठे, कालवांची धार कुठे, हे त्याला न बघता कळत होतं. "इथे पाय. आता थांब. ही लाट जाऊ दे. चल." आवाज चढलेला नव्हता, पण त्यात दुसरं मत विचारलेलं नव्हतं. मुलगी एकदाही खाली बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती आणि पाऊल टाकत होती.

या आवाजाचा माणूस फोटोग्राफरच्या ओळखीचा नव्हता. इतक्या वर्षांत, गणपतीला आणि शिमग्याला इतक्या भेटी होऊनही.

वाळूवर पोचल्यावर त्याने लांब लेन्स काढून ठेवली आणि साधी, जवळून फोटो घ्यायची लेन्स लावली. नक्कल केली नाही. उभं कुठे राहायचं तेही सांगितलं नाही. विचारलं, "बोट पहिल्यांदा तुझ्या एकट्याच्या जबाबदारीवर कधी काढलीस रे?"

तांडेल जरा गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबांचे गुडघे गेले त्या वर्षी. नारळी पौर्णिमेनंतर. चार खलाशी बरोबर, सगळे माझ्याहून मोठे. मी पाणी सांगणार आणि ते ऐकणार, हे त्यांना आणि मलाही…" तो बोलत गेला. मुलीलाही यातलं बरंच नवीन होतं. ती मधे मधे विचारत होती, तो हात लांब करून समुद्रातली जागा दाखवत होता. कॅमेऱ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. उजेड उतरत होता. काही फोटो हलले, काहींत किल्ला चौकटीबाहेर राहिला.

साखरपुड्यासाठी दोघांनी त्यातलाच एक निवडला. त्याचं तोंड वाक्याच्या मधोमध उघडं, हात पाण्याकडे, आणि तिची नजर त्याच्यावर. आत्या म्हणाली, हसरा एकही मिळाला नाही का? मुलाच्या वडिलांनी चष्मा चढवला, फोटो हातात घेतला आणि मागच्या खडकांवर पाणी कुठवर चढलंय ते निरखून पाहिलं.

"द्वादशी ना ही?" त्यांनी मुलाला विचारलं. "मग वेळेवर निघालात."