शिल्लक रकमेचा धर्म

दान, भोग आणि नाश अशा धनाच्या तीनच गती भर्तृहरीने नीतिशतकात सांगितल्या. परंतु नाशाच्या भयाने केलेला भोग यांपैकी कोणत्या कोटीत बसवावा, हा प्रश्न जपानातील रेल्वेच्या सुईका कार्डामुळे मनात उभा राहतो. २००१ साली सुरू झालेल्या या कार्डात २०,००० येनपर्यंत रक्कम जमा ठेवता येते, आणि ते परत करताना ५०० येनांची अनामत मिळत असली, तरी शिलकेतून २२० येन दस्तुरी म्हणून वजा होतात. मायदेशी निघालेला प्रवासी ही दस्तुरी वाचविण्यासाठी स्थानकातील दुकानात शिरतो, नको असलेले खेळणे आणि न रुचणाऱ्या मिठाईची महागडी पेटी उचलतो, कार्ड यंत्राला टेकवतो आणि पडद्यावर शून्य उमटले की पैसे वसूल झाल्याचे समाधान मानतो. वास्तविक अखेरच्या वापरापासून दहा वर्षांपर्यंत कार्डाची मुदत असते; तेव्हा ही घाई व्यवहाराची नसून चित्ताची आहे.

जेथे गरज नाही आणि आस्वादही नाही, तेथे भोग कसला? तो नाशच होय, आणि त्याचे मूळ औदार्यात नसून लोभात आहे, कारण अल्प हानी सोसवत नाही म्हणूनच मनुष्य मोठी हानी ओढवून घेतो. अपरिग्रह म्हणजे केवळ संचय टाळणे नव्हे. जे सुटणारच आहे ते शांतपणे सुटू देण्याचे सामर्थ्य म्हणजे अपरिग्रह. म्हणून २२० येन संतोषाने द्यावेत, आणि उरलेली रक्कम सत्पात्री लावावी.