पांदणीवरची शर्यत

अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजारहून उत्तरेला बहिरमच्या दिशेनं निघालं, की संत्र्याच्या बागांमागे सातपुड्याची रांग दिसू लागते. डांबरी सोडून एखाद्या पांदणीत शिरावं, तर पायाखालची जमीन बघता बघता बदलते. आधी काळी, भारी माती. पावसाळ्यात गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या हिवाळ्यात वाळून टणक झालेल्या. मग नाल्याची उतरण, तळाला रेती आणि गोटे. पलीकडे चढ, मुरमाड बरड, धुऱ्यावर बाभळी-बोरी आणि वाटेत विखुरलेले त्यांचे काटे. शेतकऱ्यासाठी ही वाट म्हणजे वर्षानुवर्षांचा त्रास. राज्य सरकारला २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी वेगळी योजना आणावी लागली, यावरून तिची अवस्था कळावी. पण क्रॉस-कंट्री माउंटन बाइक शर्यतीचा मार्ग आखणाऱ्याला जे जे हवं असतं, ते जवळजवळ सगळं या पांदणीत आहे.

या शर्यतीचं स्वरूप साधं आहे. ऑलिंपिक प्रकारात साधारण चार ते सहा किलोमीटरची फेरी असते, सगळे स्पर्धक एकदम सुटतात आणि विजेता दीड तासाच्या आत-बाहेर येईल एवढ्या फेऱ्या ठरवलेल्या असतात. वाट अरुंद झाली की पुढच्याला ओलांडता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच जीव तोडून पुढची जागा धरावी लागते. त्यामुळे श्वास सावरायला फारशी उसंत मिळत नाही. इटालियन संशोधकांनी स्पर्धकांची मोजमापं घेतली, तेव्हा शर्यतभर हृदयाचे ठोके सरासरीनं कमाल मर्यादेच्या ९० टक्क्यांच्या आसपास असल्याचं दिसलं.

आज या खेळात कार्बनच्या सायकली, प्रशिक्षक आणि प्रायोजक आले आहेत. त्याचा जन्म मात्र हौशी माणसांच्या हातून झाला. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका डोंगरवाटेवर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही मित्रांनी घड्याळ लावून उताराची शर्यत घेतली. सायकली होत्या जुन्या, जाड टायरच्या, भंगारातून उचललेल्या. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचा. उतार संपेपर्यंत तो इतका तापे, की आतलं ग्रीस जळून जाई आणि दर वेळी नवं भरावं लागे. ग्रीस पुन्हा भरण्याच्या या खटाटोपावरूनच त्या शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव पडलं. जुन्या सांगाड्यांचा निभाव लागेना, म्हणून त्याच टोळक्यातल्या जो ब्रीझनं १९७७ मध्ये या कामासाठी खास नवी सायकल बांधली. म्हणजे आधी शर्यत आली, तिच्या गरजेतून यंत्र आलं आणि कारखाने व अधिकृत स्पर्धा त्यानंतर. पहिली जागतिक स्पर्धा १९९० मध्ये अमेरिकेतल्या दुरँगोला झाली आणि १९९६ मध्ये अटलांटात हा प्रकार ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. तिथं पुरुष आणि स्त्रिया पहिल्याच वर्षी बरोबरीनं उतरल्या. रस्त्यावरच्या सायकलिंगमध्ये पुरुषांनंतर स्त्रियांना ऑलिंपिकचं दार उघडायला १८९६ पासून १९८४ पर्यंतचा काळ जावा लागला होता.

हा इतिहास चांदूर बाजारात सांगण्याचं कारण आहे. आपल्याकडे खेळाकडे बहुतेक वेळा शिडी म्हणून पाहिलं जातं. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण. या सवलती योग्यच आहेत आणि त्यांच्या बळावर खेड्यापाड्यांतली कितीतरी मुलं पुढं गेली आहेत. पण त्यातून एक समजही घट्ट होत गेला, की शिडी चढण्याचं वय संपलं की खेळायचंही संपलं. चाळिशीतला शिक्षक, कृषी केंद्र चालवणारा दुकानदार किंवा पस्तिशीची परिचारिका शर्यतीत उतरणार म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘यातून मिळणार काय?’ आणि परतल्यावर दुसरा, ‘कितवा नंबर आला?’ पहिल्या तिघांत येण्याची शक्यता नसताना माणूस मनापासून स्पर्धा करू शकतो, हे सहजासहजी कुणाला पटत नाही.

ते पटायचं असेल, तर शर्यतीच्या मधल्या गर्दीत काय चालतं ते जवळून पाहायला हवं. समजा, सदतिसाव्या आणि अडतिसाव्या जागेवरचे दोघे नाल्याकडे उतरत आहेत. पुढच्यानं समोरचा गोटा पाहिला आणि नजर तिथंच अडकली. नजर जाते तिकडे चाक जातं, तसं त्याचं चाक गोट्यावर गेलंच. मागच्यानं नजर गोट्याच्या बाजूच्या हातभर मोकळ्या जागेवर ठेवली, सीटवरून उठून वजन मागे नेलं, पुढचा ब्रेक हलकेच दाबला आणि तो सुटला. आता रेती. इथं हँडल वळवलं की चाक रुतलंच, म्हणून ते सैल धरून पेडल चालू ठेवायचं. रेती संपताच चढ आहे, हे त्याला आधीच्या फेरीतून ठाऊक आहे. त्यानं गिअर रेतीतच हलका करून ठेवला. चढावर गिअर बदलायला गेलेल्याची साखळी कुरकुरते, पाय अडतो आणि उतरून सायकल ढकलावी लागते. मुरमाच्या चढावर उभं राहून जोर लावला तर मागचं चाक जागीच फिरतं. बसून राहिलं तर पुढचं चाक उचललं जातं. दोन्हींच्या मधली, छाती हँडलवर झुकवलेली बैठक सापडायला हवी. हे सगळं घडतं ते फार तर अर्ध्या मिनिटात, धाप लागलेली असताना. त्या अर्ध्या मिनिटात दोघांच्या जागांची अदलाबदल झालेली असते.

बाकी कुणाच्या लेखी या अदलाबदलीला किंमत नसेल. त्या दोघांसाठी मात्र ती खरी असते, कारण ती कमावलेली असते. एकटा सायकल चालवणारा माणूस स्वतःशी तडजोड करतो. छाती भरून आली की थांबतो, पाणी पितो, चढ चुकवून दुसरी वाट धरतो. शर्यतीत पुढचा माणूस तीस हातांवर दिसत असतो आणि मागच्याच्या टायरचा आवाज कानावर येत असतो. आपल्यात अजून किती बाकी आहे, हे त्या दोघांमुळे कळतं. प्रतिस्पर्धी इथं मोजपट्टीचं काम करतो आणि आपणही त्याची मोजपट्टी होतो. ‘नुसतं फिरायला जा की, शर्यत कशाला?’ या प्रश्नाला हेच उत्तर आहे. फिरण्यात जो आनंद आहे तो आहेच. पण प्रौढ माणसाला स्वतःची खरी कुवत कळण्याच्या जागा फार थोड्या उरतात आणि अशी शर्यत ही त्यांतली एक आहे.

वरच्या दर्जाच्या स्पर्धेत मागे पडलेल्याला जागा नाही. आघाडीवाल्याच्या पहिल्या फेरीच्या वेळेपेक्षा ऐंशी टक्क्यांनी मागे पडलेल्या स्पर्धकाला मार्गावरून बाहेर काढण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लहान फेरीवर मागचे पुढच्यांच्या वाटेत येऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २९ जुलै २०२४ रोजी ब्रिटनचा टॉम पिडकॉक चाक पंक्चर होऊन नवव्या क्रमांकापर्यंत घसरला आणि तिथून येऊन सुवर्णपदक जिंकला. हे त्या पातळीवरचं तेज. हौशी शर्यतीनं त्या पातळीचे सगळे नियम उचलण्याची गरज नाही. हौशी शर्यतीत शेवटचा माणूस हाच मोठा भाग असतो. त्याला बाहेर काढणारी शर्यत वीस-पंचवीस तरबेज लोकांची होते आणि दुसऱ्या वर्षी तेवढेच उरतात.

याचा अर्थ सगळं सैल सोडायचं असा नव्हे. वेळेची मर्यादा हवी, ती सुरक्षेसाठी. चीनच्या गान्सू प्रांतात मे २०२१ मध्ये डोंगरावरच्या एका धावण्याच्या शर्यतीत हवामान अचानक बिघडलं आणि २१ स्पर्धकांचा जीव गेला. लांबच लांब वाटेवर विखुरलेल्या माणसांची जबाबदारी कुणीतरी घेतलेली असावी लागते. वऱ्हाडात धोका थंडीचा कमी आणि उन्हाचा जास्त. चार ते सहा किलोमीटरची फेरी इथं कामी येते, कारण कुणीही स्पर्धक मदतीपासून फार दूर जात नाही.

अमरावती जिल्ह्याला स्पर्धेची आणि व्यायामाची परंपरा नवी नाही. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. ती माणसं पदकासाठी गेली नव्हती. तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, तर वऱ्हाडभर प्रसिद्ध. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या बंदीनंतर पट थांबले, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायद्यातल्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. मधल्या वर्षांत शेतकऱ्यांनी बैलजोड्या जपल्या, त्या केवळ बक्षिसासाठी नव्हेत. पटाच्या दिवशी गर्दी धुरकऱ्याचा हात पाहते, जोडीची चाल पाहते, सेकंदाच्या अंशावरून वाद घालते. बारकावे ओळखणारा असा प्रेक्षक सायकलच्या शर्यतीला लाभला तर आणखी काय हवं?

अशा शर्यतीचा विषय निघाला, की या भागात पहिलं नाव चिखलदऱ्याचं येतं. घाट आहे, उंची आहे, धुकं आहे. पण चिखलदरा मेळघाटात येतं आणि मेळघाट हे १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी एक. तिथल्या जंगलवाटा शेकडो स्पर्धक आणि कर्ण्यांसाठी नाहीत आणि तसा हट्टही धरू नये. शिवाय उंच डोंगर लागतोच असं नाही. पिडकॉक जिंकला ती एलांकूरची टेकडी जेमतेम २३१ मीटर उंच आहे आणि तीही खाणीच्या जागी भराव टाकून माणसांनी उभी केलेली. त्या मानानं चांदूर बाजार तालुक्यातले नाले, बरड आणि सातपुड्याच्या पायथ्याचे चढ-उतार निसर्गानंच दिलेले आहेत.

संगमनेरच्या प्रणिता सोमण हिनं माउंटन बाइकमध्ये राष्ट्रीय पातळीवर नाव कमावलं. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही पावणेपाच हजार किलोमीटरहून लांब शर्यत एकट्यानं बारा दिवसांच्या आत पुरी केली. एक मोठ्या शहराबाहेरची, दुसरे पेशानं डॉक्टर. ही उदाहरणं प्रेरणा देतात. तरी तालुक्याच्या गावाला त्याआधीची पायरी हवी आहे, जिथं पहिल्यांदा छातीवर नंबर लावून उभं राहता येईल.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी आवाक्यातल्या आहेत. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी धरते की सायकल फिरतच नाही, आणि उन्हाळ्यात ऊन सोसवत नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारी, बहिरमच्या यात्रेचा काळ. कापूस वेचणीच्या गाड्या त्याच पांदणीतून जातात, तेव्हा दिवस आणि वेळ शेतकऱ्यांना विचारून ठरवावी आणि वाटेत गाडी आलीच तर आधी तिला जाऊ द्यावं. काट्यांसाठी प्रत्येकाकडे जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचं सामान सक्तीचं असावं. हेल्मेटशिवाय कुणालाही सोडू नये. प्रत्येक नाल्यावर गावातलाच एक माणूस, सुरुवातीच्या जागी डॉक्टर आणि रुग्णवाहिका, सगळ्यांत मागे एक जाणता सायकलस्वार. वयोगट वेगळे, स्त्रियांना तेवढंच बक्षीस. आणि निकाल लावताना पहिल्या तिघांवर न थांबता शेवटच्या नावापर्यंत प्रत्येकाची वेळ फेरीनिशी छापावी. एकोणसाठावा आलेला माणूस पुढच्या वर्षी त्याच नाल्यावर चार सेकंद वाचवायला येणार असेल, तर त्याच्या यंदाच्या वेळेची नोंद त्याला मिळायला हवी.