जीर्णोद्धार कोणाचा?

सोलापुरात मुरारजी पेठेत 'जुनी मिल कंपाउंड' नावाचा एक भाग आहे. १८७७ साली स्थापन झालेल्या ज्या गिरणीवरून हे नाव पडले ती गिरणी आज नाही. नाव मात्र रिक्षावाल्यांपासून टपालवाल्यांपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. वस्तू गेली आणि नाव मागे राहिले, असा हा प्रकार होय. याच्या नेमका उलट प्रकार अलीकडे माझ्या पाहण्यात आला. त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो केवळ वाद्यांच्या षोकिनांचा नसल्यामुळे वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याला भंगाराच्या दुकानात एक मोडकी इलेक्ट्रिक गिटार मिळाली. ती त्याने वजनावर घेतली. तिच्या माथ्यावर नावाची पट्टी नव्हती. पट्टी होती तेथे खिळ्यांची दोन छिद्रे आणि न विटलेल्या रंगाचा लांबट ठसा एवढेच शिल्लक होते. मग या गृहस्थाने तिची ओळख पटविण्याचा जो उद्योग आरंभिला तो एखाद्या ताम्रपटाच्या वाचकाला शोभावा असा होता. दांडी आणि धड जोडणाऱ्या चार स्क्रूंखालच्या पत्र्यावर 'जपान' हा शब्द वाचता आला. खुंट्यांची घडण, पडद्यांची रुंदी, पिकअपवरील पत्र्याचा आकार, ही सारी १९६० नंतरच्या दशकाकडे बोट दाखवीत होती. त्या काळी टायस्कोसारख्या जपानी कारखान्यांची गिटार अमेरिकेतील व्यापारी आपापल्या नावाची पट्टी ठोकून विकीत. म्हणजे पट्टी जागेवर असती तरी तिने विकणाराचे नाव सांगितले असते, घडविणाराचे सांगितलेच असते असे नाही! कुळ कळले, व्यक्ती कळली नाही. माझ्या मते एवढी ओळख पुरे होती.

येथेच एक लहानसा नीतीचा प्रश्न आडवा येतो. ज्याला मोल ठाऊक आहे त्याने, ज्याला ठाऊक नाही त्याच्याकडून, भंगाराच्या भावाने वस्तू घ्यावी काय? सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात स्केव्होला नामक रोमन गृहस्थाची गोष्ट दिली आहे. जमीन घेताना त्याने मालकाने सांगितलेली किंमत ऐकली, 'माझ्या मते ही याहून अधिक किमतीची आहे' असे म्हटले आणि एक लक्ष नाणी वर घातली. सिसेरोचे म्हणणे असे की, हे वर्तन सज्जनाचे होते हे कोणी नाकारीत नाही. ते शहाण्याचे नव्हते असे मात्र लोक म्हणतात. आमचा विद्यार्थी, ओळख पटल्यावर, दुकानदाराकडे पुन्हा गेला व काही रक्कम देऊन आला. दुकानदाराने ती घेतली, पण त्याच्या मुद्रेवर कृतज्ञतेपेक्षा संशयच अधिक होता म्हणतात. असो.

खरा प्रश्न पुढचा. गिटार दुरुस्त करावयाची म्हणजे काय करावयाचे? जुन्या गिटारींच्या जागतिक बाजारात मूळ रंगाला एवढे महत्त्व आहे की, नवा रंग चढविला तर उत्तम वाद्याचीही किंमत कित्येकदा निम्म्यावर येते. मूळचा स्क्रू, मूळचे बटण, मूळचा डाख यांचा तेथे हिशेब असतो. विद्यार्थ्याच्या गिटारीवर आवाजाचे एक बटण मूळचे होते आणि दुसरे कोणा जुन्या रेडिओचे. आत पाहता स्विचही घरगुती दिव्याचा निघाला, आणि त्याच्या तारांना दिलेला डाख मोठ्या सफाईचा होता. १९९१ पूर्वी परदेशी मालावर कडक निर्बंध असताना सुटे भाग कोठून यावयाचे? कोणा रेडिओ-दुरुस्ती करणाराने हाताशी होते त्यावर काम भागविले होते. जाणकारांनी सल्ला दिला की, हे उपरे भाग काढावे आणि जपानहून त्याच वर्षांचे भाग मागवून गिटार 'मूळ स्थितीस' आणावी.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न जुनाच आहे. प्लुटार्कने थीसियसच्या नौकेची एकेक फळी बदलली जात असल्याचे सांगितले. हॉब्जने काढलेल्या फळ्या जमवून दुसरी नौका उभी केली आणि घोटाळा दुप्पट केला. आपल्याकडे नागसेनाने मिलिंद राजाला विचारले की, चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय? ही कोडी बुद्धीला धार लावतात खरी. परंतु ती नौका कोणाला कोठे नेत होती, हा विचार तीत फारसा येत नाही.

तो विचार मिरजेस सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तेथे शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी हत्यारांची धार सोडून तंबोरे व सतारी घडविण्यास आरंभ केला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांना लागणारे कडू भोपळे आमच्याच जिल्ह्यातून, पंढरपूरकडील भीमाकाठाहून जातात. तंबोऱ्याची जवारी हे तर या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आहे. घोडीच्या पृष्ठभागावर तार जेथे अलगद टेकते तेथेच तो गुंजणारा ध्वनी जन्मास येतो. पण वाजता वाजता तार त्या पृष्ठभागात खाच पाडते आणि आवाज बसतो. मग कारागीर कानसेने घोडी घासतो, म्हणजे मूळ वस्तूचा थोडा अंश नाहीसा करतो, तेव्हा स्वर परत येतो. घोडी फारच झिजली तर नवी बसवितात, भोपळा फुटला तर तोही सांधतात किंवा बदलतात. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) हे थोर गवई स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. ज्याला उद्या त्याच तंबोऱ्यापुढे बसून गावयाचे आहे, तो मूळ घोडीचे किती कण राहिले हे मोजीत बसणार नाही.

तर मग वाटेल ते बदलावे काय? माझे मत तसे नाही. संग्रहालयातील मौनाला स्थान आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयातील वाद्ये उद्या कोणी नवी तबली बसवून वाजवू लागला तर मी विरोध करीन, कारण त्या वाद्यांनी आता साक्षीदाराचे काम पत्करले आहे आणि साक्षीदाराची जबानी सुधारून घ्यावयाची नसते. परंतु 'मूळ स्थिती' या शब्दांत एक लपलेला अन्याय आहे. जपानी कारखान्यातून ही गिटार बाहेर पडली तो तिचा पहिला दिवस. त्या दिवसालाच तिचे सत्य मानावे आणि नंतर कोणी तिच्यावर वाजविले, कोणी रात्री जागून तिला डाख दिला, हे सारे मळ म्हणून पुसावे, असा हा दंडक होय. पाठीवर पट्ट्याच्या बकलाने पडलेले ओरखडे आहेत. ते पुसले तर वाजविणारा एक माणूस पुसला जातो, आणि त्याची दुसरी कोणतीही नोंद नाही. रेडिओचे बटण काढून जपानी बटण बसविणे हे मला जीर्णोद्धारापेक्षा एका अनामिक कारागिराची हकालपट्टी वाटते. उलट, नवे काम जुने म्हणून खपविणे हीही फसवणूकच. जे बदलाल ते बदलले असे दिसू द्या, एवढीच माझी अट.

या वाद्याचा कंठ म्हणजे पिकअप. १९३७ साली जॉर्ज बीचम यांना अमेरिकेत ज्या युक्तीचे पेटंट मिळाले तिच्यात पोलादी तारेच्या कंपनाने चुंबकाजवळच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. वेटोळ्याची तार केसाहून बारीक आणि वेढे हजारो. एके ठिकाणी तुटली की कंठ बसलाच. या गिटारीला दोन पिकअप आहेत आणि दोन्ही मुके होते. पहिल्याचे तुटके टोक सुदैवाने बाहेरच्या वेढ्यातच सापडले; तेथे डाख देताच आवाज आला. दुसरा आत कोठे तरी तुटला आहे. सगळी तार उलगडून नवी गुंडाळल्याशिवाय तो बोलणार नाही. विद्यार्थ्याने तूर्त तो तसाच ठेवला आहे. रेडिओचे बटण जागेवर आहे. दिव्याचा स्विच मात्र काढावा लागला. तो, कोठून काढला व केव्हा, हे लिहिलेल्या चिठ्ठीसह गिटारीच्या पेटीतच एका पाकिटात ठेवला आहे.