ल्हासाची रेल्वे, मुंडगोडचा देव्हारा

हुबळीहून तास-दीड तासावर मुंडगोड. १९६६ साली इथं तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. पुढं ड्रेपुंग आणि गांदेन मठही उभे राहिले. थंड पठारावरची माणसं उकाडा सोसत मका पिकवू लागली.

तिकडं तिबेटात, ल्हासाला २००६ मध्ये रेल्वे पोचली. पण चिनी राजवटीत तिथं घरात दलाई लामांची तसबीर लावायची सोय नाही. मुंडगोडला ती देव्हाऱ्यात उघड असते, पुढं दिवा तेवतो. मठाच्या अंगणात तरुण भिक्खू टाळी वाजवून एकमेकांना प्रश्न टाकतात.

मग जगणं कुठलं बरं?

बुद्धानं अन्न, वस्त्र, निवारा, औषध या भिक्खूच्या गरजा मानल्या. देह झिजवणं त्याला मान्य नव्हतं. म्हणून रेल्वेसारख्या सोयीला कमी लेखू नये. मात्र श्रद्धा लपवावी लागते तिथं सुबत्तेचा हिशेब अपुरा राहतो. मुंडगोडचे तरुणही परदेशी जातात; इथं बरेच जण अजून निर्वासितच आहेत, तेव्हा त्या हिशेबात नागरिकत्वही धरावं लागतं.