मधल्या सुट्टीच्या आधी

साडेदहाची घंटा होते, मुलं मैदानात रांगा धरतात आणि परिपाठ सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, मग बातम्या. ऊन चढत असतं. अशात मागच्या रांगेतली एखादी मुलगी मटकन खाली बसते. तिला सावलीत नेतात, तोंडावर पाणी मारतात. बाई विचारतात, "सकाळी काय खाल्लं होतंस गं?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "चहा." फार तर "चहा-टोस्ट".

खेड्यातल्या कुठल्याही शिक्षकाला हा प्रसंग नवा नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आई उजाडायच्या आत घराबाहेर पडते. ऊसतोडीला गेलेल्यांची तर पहाट कोयत्यानेच होते. मग मोठी बहीण धाकट्यांची आवराआवर करून त्यांना शाळेत धाडते. रात्रीची भाकरी उरली असेल तर उरली असेल. नाहीतर चहा, आणि वाटेवर दुकान असलं तर पाच रुपयांचा चटपटीत पुडा. त्याने पोट भरल्यासारखं वाटतं, पण साडेअकराच्या सुमारास डोळे पेंगायला लागतात. गुरुजी म्हणतात, पोराचं लक्ष नाही.

दुपारी मात्र शाळेत जेवण असतं, आणि त्या जेवणाची जितकी टिंगल होते तितकं ते वाईट नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची ही योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक राज्यांत शिजवलेलं अन्न नव्हतंच. ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला तीन किलो धान्य घरी न्यायचं. ते धान्य घरी गेलं की घरातल्या सगळ्यांच्या ताटात वाटलं जायचं. ज्याच्या नावावर ते आलं त्याच्या वाट्याला चार घास यायचे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेतच गरम, शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं, आणि त्यानंतर हळूहळू मुलाचं अन्न मुलाच्या तोंडात पडू लागलं. सगळ्या मुलांनी एका पंगतीत बसून एकाच पातेल्यातलं जेवणं हीदेखील आपल्या गावांत लहानसहान गोष्ट नव्हे. शिजवण्याच्या हट्टामागे हेही एक मोठं कारण मला दिसतं.

आजचं प्रमाण असं आहे: पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब. सहावी ते आठवीला हेच दीडपट, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. कागदावर हे आकडे रुक्ष वाटतात. शाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत गेलं की कळतं, शंभर मुलांसाठी दहा किलो तांदूळ सुपात घेऊन पाखडायचा, निवडायचा, रात्री भिजत घातलेली मटकी उपसायची, आणि अर्ध्या किलो तेलात शंभर जणांची फोडणी बसवायची. हे काम करणाऱ्या ताईंचं मानधन अलीकडच्या वर्षांत महिना दीड हजारावरून अडीच हजारावर आलं. तेवढ्यात त्या चुलीचा धूरही खातात आणि कुठल्या पोराला वाटाणा आवडत नाही हेही लक्षात ठेवतात. वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची आणि चव रजिस्टरमध्ये सही करायची असा नियम आहे. सही सगळीकडे असते. चव घेतली होती की नाही, हे ताईंना बरोबर ठाऊक असतं.

महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडं, आणि अंडं न खाणाऱ्याला केळं द्यायचं ठरवलं. मुलांना तो दिवस पाठ झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला. द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या, असं शाळांना सांगण्यात आलं. गावात जत्रेला वर्गणी गोळा होते, तशी ती अंड्याला होत नाही. प्रथिनांच्या बाबतीत आपण फार लवकर हात आखडता घेतो, एवढंच मी म्हणेन.

आणि मग येते नववी. आठवीपर्यंत ताट मिळतं, नववीत गेलं की बंद. वय वाढलं म्हणून भूक कमी होत नाही, उलट हेच वय सपाट्याने वाढीचं. मुलींची पाळी सुरू झालेली असते, शरीराला लोह जास्त लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताल्पता आढळली. त्यावर उपाय म्हणून शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी दिली जाते. ती जेवणानंतर घ्यायची असते. पण वाटप सोयीचं म्हणून सकाळीच उरकलं, तर रिकाम्या पोटी ती गोळी मळमळवते. पुढच्या आठवड्यात मुली ती तोंडात टाकल्यासारखं करतात आणि मुठीत ठेवतात. वर्गाच्या खिडकीबाहेर एखाद्या सोमवारी सहज बघा, निळे ठिपके दिसतील. गोळी वाया गेली, आणि "पोरी ऐकतच नाहीत" हा शेरा मुलींच्या नावावर चढला.

याच वयात मुली मैदानावरूनही नाहीशा होतात. सातवीपर्यंत लंगडीत कुणाला हार न जाणारी पोर नववीत ओढणी सावरत कट्ट्यावर बसते. घरून ताकीद असते, शाळेत स्वच्छतागृहाची पंचाईत असते, आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या टवाळ पोरांचं काय करायचं याचं उत्तर कुणाकडे नसतं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिला संघाने तो जिंकला आणि कर्णधार होती आपली प्रियांका इंगळे. पुरुषांचा संघही जिंकला, त्याचा कर्णधार प्रतीक वाईकरही महाराष्ट्राचाच. खो-खोला लागतं काय? दोन खांब आणि फक्की मारून आखलेलं मैदान. इतका स्वस्त खेळ आपल्या घरात असताना शाळेतल्या निम्म्याहून जास्त मुलांचा पाय त्या फक्कीला लागत नाही, याचं वाईट वाटतं.

कारण आपल्याकडे खेळ म्हणजे संघ. तालुका, जिल्हा, विभाग. दहा-बारा चपळ मुलं निवडायची, त्यांच्याकडून रोज सराव करून घ्यायचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. प्रत्येक मैदानाच्या कडेला एक मूल बसलेलं असतं, सगळ्यांच्या चपला आणि दप्तरं सांभाळत. ते जरा जाड असतं, किंवा दमेकरी असतं, किंवा नुसतंच लाजरं असतं. पी.टी.चे सर त्याला कधी ओरडत नाहीत, कारण ते त्यांच्या हिशेबातच नसतं. खेळाची गरज तर त्यालाच सगळ्यात जास्त. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांची दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगली दमछाक व्हायला हवी. आपल्या वेळापत्रकात खेळाला आठवड्यातून दोन-तीन तासिका. परीक्षा जवळ आली की त्यातल्याही गणिताला उसन्या जातात आणि परत कधी येत नाहीत.

शहरातल्या खाजगी शाळांचं दुखणं वेगळं. तिथे डब्यात सगळं असतं, पण पोराला भूकच नसते. घराच्या दारात व्हॅन, व्हॅनमधून वर्ग, वर्गातून व्हॅन, संध्याकाळी शिकवणी. डबा अर्धा परत येतो, आई हवालदिल होते, आणि उद्या तरी खाईल म्हणून नूडल्स देते. २०२० साली देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ विकू नयेत असा नियम केला. नियम बरा आहे, पण मीटर मोजायला कुणी टेप घेऊन जात नाही. आणि पळून न दमलेल्या मुलाला पोळी-भाजी गोड लागावी कशी? त्याला चव लावायला तिखट-मीठच लागणार. म्हणून आहाराची सभा एकीकडे आणि क्रीडा सप्ताह दुसरीकडे, असे वेगवेगळे फलक लावणं मला पटत नाही. अन्न आणि खेळ यांची गाठ भुकेपाशी पडते. एका मुलाला भूक आहे आणि घास नाही, दुसऱ्यापुढे घास आहे आणि भूक नाही. शाळेने बघायला हवं ते या भुकेकडे.

सकाळच्या पोटाकडे तमिळनाडूने बघितलं. १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराईत सरकारी प्राथमिक शाळांमधल्या न्याहारीची योजना सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ती राज्यभरातल्या अशा सगळ्या शाळांत गेली. उपमा, खिचडी, पोंगल, असा साधाच बेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही न्याहारीची शिफारस आहे, आणि गरम काही शक्य नसेल तिथे शेंगदाणे किंवा चणे गुळाबरोबर द्यावेत असं त्यात चक्क लिहिलं आहे. हे वाचून मला हसूच आलं. आल्यागेल्याच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवणाऱ्या आपल्या मुलखाला हे धोरणातून कळावं! मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा परिपाठाच्या आधी हातावर पडला, तर दिनविशेष ऐकायला तरी पोरं उभी राहतील. भुईमुगाच्या काढणीच्या वेळी घरटी दोन पायली शेंगा शाळेत द्या, असं ग्रामसभेत सांगून पाहायला काय हरकत आहे? अंड्याला वर्गणी न देणारा माणूस शेंगा देईल असं मला वाटतं. शेतातल्या शेंगा द्यायला कुणी फार विचार करत नाही.

सरकारी निर्णयाची वाट बघत असताना मुख्याध्यापकांच्या हातात एक गोष्ट मात्र आजही आहे. जूनमध्ये पेन्सिल, पट्टी आणि खोडरबर घेऊन ते वेळापत्रक आखायला बसतात. खेळाची तासिका सवयीने शेवटी जाते, जेव्हा पोरं आंबलेली असतात आणि घरी जायची घाई असते. ती मधल्या सुट्टीच्या अगदी आधी घ्यावी. सगळ्यांनी पळावं, चपला सांभाळणाऱ्यानेसुद्धा. मग हातपाय धुऊन पंगतीला बसावं, आणि निळी गोळी हात सुकल्यावर, जेवण झालं की द्यावी. पळून आलेलं पोर पानात दुधी टाकून उठत नाही, हे ताईंना विचारून खात्री करून घ्यावी. एक पैसा खर्च नाही. गणिताच्या सरांची मात्र समजूत घालावी लागेल, कारण जेवणाआधीची ती ताजी तासिका इतकी वर्षं त्यांच्या नावावर आहे.