स्वप्न कोणाचें?

परदेशीं नशीब काढावयास गेलेला बाप ‘हें सारें मुलांसाठीं’ असें म्हणतो, तेव्हां त्याला उलट प्रश्न करणें कृतघ्नपणाचें वाटतें. तथापि अमेरिकेंत आलेल्या कुटुंबांवरील चांगले चित्रपट नेमका तोच प्रश्न विचारतात.

ली आयझॅक चुंग यांच्या ‘मिनारी’ (२०२०) चित्रपटांत जेकब हा कोरियन गृहस्थ गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत आर्कान्सॉमधील माळावर शेती करावयास बायकामुलांसह येतो. पोटासाठीं मात्र नवराबायको कोंबडीच्या पिलांतील नर-मादी निवडतात. धुराड्याचा धूर पाहून धाकटा डेव्हिड विचारतो, तेव्हां बाप सांगतो कीं, नर पिलें निरुपयोगी म्हणून तेथें नाहींशीं करतात. यास्तव आपण दोघांनीं उपयोगी झालें पाहिजे. हें तो मायेनें बोलतो, म्हणूनच अंगावर कांटा येतो. मुलाच्या हृदयांत दोष, इस्पितळ दूर. आई मोनिका भिते तें उगीच नव्हे. पण जेकबचें म्हणणें असें कीं, मुलांनीं एकदां तरी आपल्या बापाला यशस्वी झालेला पाहावें.

येथेंच गांठ सुटते. मुलांच्या डोळ्यांत मोठें व्हावें ही इच्छा बापाची आहे, मुलांची नव्हे. ती हीन आहे असें मी म्हणणार नाहीं. वर्षानुवर्षें पिलें निवडणाऱ्यानें ती धरूं नये तर कोणीं धरावी? मात्र तिचा खर्च मुलांच्या खातीं मांडणें हा हिशेबांतील अप्रामाणिकपणा होय. आपल्याकडे पितृऋण जन्माबरोबरच येतें असें मानलें आहे. पण जन्मासाठीं ऋणी असणें वेगळें आणि न मागितलेल्या त्यागासाठीं ऋणी असणें वेगळें.

एलिया कझान यांच्या ‘अमेरिका अमेरिका’त (१९६३) तर हें ऋण फेडण्यापलीकडचें होतें. अनातोलियांतील स्टाव्ह्रॉसला न्यूयॉर्कला उतरतां येतें, तें क्षयी होहानेस समुद्रांत उडी घेऊन आपलें नांव त्याच्यासाठीं मोकळें करतो म्हणून. पुढें तो बूट पुसून घरच्यांना आणण्यासाठीं पैसा सांठवितो. ज्यांना आणावयाचें, त्यांच्यापैकीं ह्या किंमतीला संमति कोणीं दिली होती?

जेकबनेंही शेवटीं बायकोजवळ कुटुंबापेक्षां शेतच पत्करलेलें असतें. त्याच रात्रीं आजीच्या हातून आग लागून पिकाचें कोठार पेटतें, आणि भाजीच्या पेट्या टाकून तो मोनिकाला बाहेर काढतो. मला तरी हा त्याचा पहिला त्याग वाटतो. कारण तो करतांना मुलांचें नांव घेण्यास त्याला सवडच नव्हती.

नंतर बापलेक ओढ्याकांठीं जातात. आजीनें कोरियाहून आणलेल्या बियांची मिनारी नांवाची पाणभाजी तेथें कोणाच्या देखरेखीवांचून माजलेली असते. आजीनें जागा चांगली निवडली, असें म्हणून जेकब ती खुडूं लागतो.